तिळमात्र फरक

खिडकीतल्या बाईंनी आधी माझा अर्ज वाचला, मग फोटो पाहिला, मग मला पाहिलं. पुन्हा फोटो, पुन्हा अर्ज, पुन्हा मी. असं तीनदा झाल्यावर मला वाटलं, बाईंना मी आवडले बहुतेक.

"तीळ कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी हनुवटी पुढे केली. माझा तीळ शोधावा लागत नाही. हनुवटीच्या डाव्या बाजूला आहे आणि चांगला मसुरीच्या दाण्याएवढा आहे. त्याला तीळ म्हणायचं ही आपली नम्रता.

"तो दिसतोय मला. फोटोत कुठाय?"

मी चष्मा चढवून फोटो पाहिला. फोटोत तीळ नव्हता. सुरकुत्या नव्हत्या, डोळ्यांखालच्या पिशव्या नव्हत्या. फोटोतली बाई पस्तिशीची होती, दुपारी छान झोप काढून उठलेली होती आणि जन्मात कधी कुणाशी भांडलेली नव्हती.

"माझ्या नवऱ्याने काढला," मी म्हटलं.

"फोटो?"

"फोटोही आणि तीळही."

बाई हसल्या नाहीत. त्या खिडकीत हसायची पद्धत नसावी. "ओळखीची खूण म्हणून अर्जात तीळ लिहिलाय. तुमच्या तोंडावर तीळ आहे. फोटोत नाही. सरहद्दीवरचा माणूस म्हणेल, पासपोर्ट दुसऱ्याच बाईचा आहे."

"मग अर्जातला तीळ खोडा ना."

"समोर दिसणारी वस्तू नाही असं मी कसं लिहू? दुसरा फोटो आणा. बुधवारी दुपारी बारापर्यंत अर्ज पूर्ण झाला, तर शनिवारी पासपोर्ट हातात मिळेल. त्यानंतर आलात तर पुढचा आठवडा."

त्या दिवशी सोमवार होता, आणि पुढचा आठवडा मला चालणार नव्हता. पुढच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता माझ्या बहिणीचं लग्न होतं.

बहीण म्हणजे धाकटी. वय वर्षं चोपन्न. गेली एकोणीस वर्षं सरहद्दीपलीकडे एका शाळेचं ग्रंथालय सांभाळते. मार्चमध्ये दाढ काढायला गेली आणि डॉक्टरशी लग्न ठरवून आली. धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे ही बातमी आधी शाळेला कळली, मग मला फोनवर कळली आणि सगळ्यांत शेवटी बहुधा डॉक्टरांना कळली. नोंदणी कचेरीत सहीला दोन साक्षीदार लागत होते. एक डॉक्टरांचा कंपाउंडर, आणि दुसरी मी.

"तू नाही आलीस ताई, तर मी लग्न पुढे ढकलीन," ती म्हणाली होती.

हीच मला भीती होती. धाकटीने आयुष्यभर सगळं पुढेच ढकललंय. शिक्षण ढकललं, घर घेणं ढकललं, ती दाढसुद्धा चार वर्षं ढकललेली होती. हे लग्न एकदा ढकललं की ते खड्ड्यातच जाणार. आम्ही दोघींनीही एकमेकींना भेटणं असंच ढकलत आणलं होतं. तिला सुट्टी नाही, मला पासपोर्ट नाही, पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणता म्हणता एकोणीस वर्षं गेली. दर रविवारी फोनवर भांडायचो. तोंड दाखवणारा फोन तिला नको असतो, कारण समोर तोंड दिसलं की नीट भांडता येत नाही म्हणते. तिच्या वाढदिवसाला मी माझा एक ताजा फोटो पाठवायची, झालं. लहानपणी हीच पोरगी दिवसभर माझ्या मांडीवर असायची. माझा तीळ म्हणजे तिची दाराची घंटा. बोटाने दाबायची, "टिंग" म्हणायची, मी "कोण आहे?" विचारायचं, तिने "मी" म्हणायचं, की पुन्हा टिंग. हा खेळ एका बैठकीत शंभरदा तरी व्हायचा. त्या बहिणीच्या लग्नाला मी न जाणं शक्यच नव्हतं. तिच्यासाठी जीव तीळतीळ तुटत होता, आणि अडलं होतं कशावर, तर तिळावर.

आता आमच्या ह्यांच्याविषयी सांगायला हवं. आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे दुकान, मागे घर. पूर्वी हे निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने लोकांचे डाग, पुटकुळ्या, देवीचे व्रण भरून काढायचे. आता तेच काम कॉम्प्युटरवर करतात. ह्यांच्या हातून गेलेला चेहरा धुतलेल्या बशीसारखा होऊन बाहेर येतो, म्हणून अख्खा मोहल्ला ह्यांना गुळगुळीतकाका म्हणतो. एकदा पोलीस एका भामट्याचा फोटो घेऊन दारोदार फिरले. फोटो ह्यांनीच काढलेला होता. तीन जणांनी भामट्याला छातीठोकपणे ओळखलं आणि तिघांनी तीन वेगळी नावं सांगितली. त्यातलं एक नाव फौजदाराच्या मेहुण्याचं होतं. तेव्हापासून पोलीस समोरच्या स्टुडिओत जातात. समोरच्याचं नाव आमच्या घरात घेत नाहीत, त्याला समोरचाच म्हणतात.

तर सोमवारी मी कचेरीतून घरी आले ती अंगाचा तीळपापड घेऊनच. हे एका विद्यार्थिनीच्या कपाळावरची पुटकुळी पुसत बसले होते.

"माझा तीळ कुठाय?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "हा काय, आहे की."

"फोटोतला!"

ह्यांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. चेहरा असा झाला, की जणू स्वतःच्याच खिशात दुसऱ्याचं पाकीट सापडलंय. "अगं, पुसला गेला वाटतं. हात आपोआप जातो. मला कळतसुद्धा नाही."

मी आत गेले आणि कपाटातले अल्बम काढले. लग्नाचा फोटो, मुलगा झाला तेव्हाचा, मुलगा शाळेत गेला तेव्हाचा, मुलगा नोकरीला लागला तेव्हाचा. बत्तीस वर्षांत मी जाड झाले, बारीक झाले, पुन्हा जाड झाले, आणि एकाही फोटोत मला तीळ नव्हता. रोज आरशात तोंड बघणाऱ्या बाईच्या हे कधी लक्षात येऊ नये! पण खरं सांगते, फोटोत बाई आधी दंड बघते, मग पोट, आणि तेवढ्यावरच तिचं मन भरतं. तिळापर्यंत मी कधी पोचलेच नव्हते.

"तुम्हाला माझा तीळ आवडत नाही," मी जेवताना म्हटलं.

"छे! असं कुठं?"

"मग बत्तीस वर्षं पुसता कशाला?"

ह्यांनी पाणी वाढून घेतलं. नवऱ्याला उत्तर सुचलं नाही की त्याला तहान लागते.

मंगळवारी सकाळी उजाडताच ह्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि नवा फोटो काढला. मी कॉम्प्युटरच्या मागे पहाऱ्याला उभी राहिले. पडद्यावर मी होते, पिशव्या होत्या, सुरकुत्या होत्या आणि तीळही होता. ह्यांचा उजवा हात टेबलावर नुसता तळमळत होता.

"हात लावाल तर बघा," मी म्हटलं.

"शप्पथ नाही."

तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा वास आला. मी धावले. दूध, गॅस, ओटा, फडकं, सगळं मिळून चार मिनिटं गेली असतील. परत आले तर ह्यांनी फोटो छापून, कापून, पाकिटात घालून, पाकीट चिकटवूनसुद्धा ठेवलं होतं. एवढी तत्परता बघूनच मला शंका यायला हवी होती. पण वेळ नव्हता, आणि नवऱ्यावर विश्वास ठेवायची जुनी खोड.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट उघडलं. फोटो बघितला, मला बघितलं.

"आज तीळ आलाय," त्या म्हणाल्या.

"आला ना!"

"पण उजवीकडे आलाय." त्यांनी फोटो माझ्याकडे वळवला. "तुमचा तीळ फिरता आहे का?"

माझ्या मागे रांगेत उभा असलेला माणूस वाकून माझी हनुवटी बघू लागला. त्याने त्याच्या मागच्याला सांगितलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. रांग पंचवीस जणांची होती. एवढ्या लोकांनी माझ्या चेहऱ्यात रस घेतल्याला फार वर्षं झाली होती, पण तेव्हा त्याचा आनंद घ्यायची माझी मनःस्थिती नव्हती.

"उद्या बारा वाजेपर्यंत," बाई म्हणाल्या. "मग माझ्या हातात काही नाही."

घरी येऊन मी फोटो ह्यांच्यासमोर टेबलावर आपटला. दुधाच्या चार मिनिटांत काय घडलं ते ह्यांनी आपणहून ओकून टाकलं. हात गेला, तीळ पुसला गेला आणि सवयीने सेव्हही झाला. मूळ फोटो कॅमेऱ्यातून आधीच उडवलेला. मग मी चिडेन म्हणून ह्यांनी घाईघाईने आठवणीने नवा तीळ काढला.

"आठवणीने!" मी ओरडले. "आठवणीने तुम्हाला तो उजवीकडे आठवला? बत्तीस वर्षं तुमच्या समोर बसून जेवतेय मी! भिंतीवरच्या पालीची शेपटी कुठल्या बाजूला वळलीय ते तुम्हाला ठाऊक असतं!"

आणि मग मला रडू आलं. चिडून रडते तसं नाही, खरंच वाईट वाटून. माणसाने आपला तीळ पुसावा हे एक वेळ समजू शकते, धंदा आहे. पण तो कुठल्या गालाशी आहे हेच ठाऊक नसावं? इतकी वर्षं मग हे कुणाकडे बघत होते? मी पदराने डोळे पुसले आणि जे आमच्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं ते बोलले.

"मी उद्या समोरच्याकडे जाते."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. उठले आणि स्टुलावर चढून माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. त्यात जुन्या निगेटिव्हची पाकिटं तारीखवार लावलेली होती. एक पाकीट त्यांनी न शोधता काढलं, म्हणजे हात थेट तिथेच गेला.

"ही बघ. खिडकीशी धर."

मी धरली. चौतीस वर्षांपूर्वीची मी होते. टेलिफोन खात्यात अर्ज करायचा म्हणून पहिल्यांदा ह्या दुकानात फोटो काढायला आले होते तेव्हाची. निगेटिव्ह असल्यामुळे केस पांढरे आणि चेहरा काळा. त्या काळ्या चेहऱ्यावर हनुवटीला एक पांढरा ठिपका लख्ख चमकत होता.

"पेन्सिल निगेटिव्हच्या खरखरीत बाजूवरच धरते," हे म्हणाले. "त्या बाजूने बघितलं की डाव्याचं उजवं दिसतं. इतकी वर्षं तुझा चेहरा मी त्याच बाजूने बघत आलोय. समोर जेवायला बसल्यावर मी कशाला बघू? जेवताना मी जेवतो."

बोलण्यात तथ्य होतं. मी तरी जेवताना ह्यांच्याकडे कधी बघते? भाजी संपत आली का ते बघते.

"पण ह्यावर पेन्सिल का नाही?" मी विचारलं. "तीळ तर आहे तसाच आहे."

"दोन काढल्या होत्या. एक भरली, तुझ्या अर्जाला गेली. एक तशीच ठेवली."

"कशाला?"

ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "चांगला होता तीळ."

"चांगला होता! मग सगळीकडे पुसत का सुटलात?"

"पाकीट वाच."

पाकिटावर ह्यांच्याच ठसठशीत अक्षरात माझं माहेरचं नाव, तारीख आणि खाली एक ओळ होती: 'गिऱ्हाइकाची सूचना – हनुवटीवरचा तीळ काढणे. प्रत्येक वेळी.' 'प्रत्येक वेळी'च्या खाली दोन रेघा.

मला लख्खकन आठवलं. चोवीस वर्षांची मी, दोन वेण्या, नवी पर्स, ह्याच काउंटरला टेकून तोऱ्यात सांगत होते, "आणि हो, तो तीळ काढून टाका. कधीही माझा फोटो काढलात तरी तो काढायचाच. लक्षात ठेवा." तेव्हा वाटायचं, तीळ गेला की नोकरी मिळेल. तीळ गेला, नोकरी नाही मिळाली, फोटोवाला मिळाला.

"अहो, पण ते मी तेव्हा म्हटलं होतं!"

"ऑर्डर कुणी रद्द केली नाही," हे म्हणाले. "गिऱ्हाइकाने सांगितलेलं मी मोडत नाही. समोरचा मोडतो."

कप्पाळ माझं! इतका वेळ मी ज्याच्या नावाने बोटं मोडत होते तो गुन्हा माझाच निघाला होता. मी पेन मागितलं आणि पाकिटावर त्या ओळीखाली लिहिलं: 'ऑर्डर रद्द.' खाली सही केली, तारीख घातली. ह्यांनी ते वाचून बघितलं, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि पाकीट परत तारीखवार जागेवर लावून टाकलं.

बुधवारी सकाळी कुठलीही जोखीम घेतली नाही. दूध आणलंच नाही. ह्यांनी फोटो काढल्याबरोबर कॅमेऱ्याच्या पट्ट्याने मी ह्यांचे दोन्ही हात पाठीमागे बांधले. मग हे नुसतं तोंडाने सांगत गेले, "ते बटण दाब, नाही, त्याच्या शेजारचं," आणि मी दाबत गेले. मशीनमधून फोटो हळूहळू बाहेर सरकताना हे अक्षरशः कण्हत होते.

"अगं, डोळ्यांखालचं तेवढं..."

"राहू दे."

"कपाळावरची ती एक आठी..."

"ती तुमच्यामुळेच पडलीय. राहू दे."

तेवढ्यात ओळखपत्राला फोटो हवा म्हणून शेजारचे मास्तर दुकानात आले. हात बांधलेला नवरा आणि मशीनवर मी, हे दृश्य बघून ते म्हणाले, "मी मग येतो," आणि आलेच नाहीत. ते समोर गेल्याचं पुढे कळलं.

पावणेबारा वाजता मी खिडकीशी होते. बाईंनी फोटो उजेडात धरला. तीळ मोजला म्हणा ना. मग पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"यात तुम्ही फार वाईट दिसताय," त्या म्हणाल्या. "एकदम तुम्हीच." आणि धाडकन शिक्का मारला.

शनिवारी पासपोर्ट मिळाला, रविवारी मी निघाले, एकटीच. ह्यांना पासपोर्ट नव्हता आणि निघणारही नव्हता, कारण ह्यांचा फोटो काढणार कोण? माझ्या हाताची खात्री नाही, आणि समोरच्याकडे जाण्यापेक्षा मरण पत्करलं.

सरहद्दीवर मी आधीपासूनच हनुवटी डावीकडून पुढे काढून उभी राहिले. तिळावर एकही केस येऊ नये म्हणून केस घट्ट बांधले होते. तिथल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, पान उलटलं, शिक्का मारला आणि पासपोर्ट परत सरकवला. फोटोकडे बघितलं नाही की माझ्याकडे बघितलं नाही.

"तीळ बघायचाय ना?" मी विचारलं.

तेव्हा त्याने वर बघितलं. "मान धरलीय का तुमची? बाहेर औषधाचं दुकान आहे," तो म्हणाला, आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

एवढ्यासाठी नवऱ्याचे हात बांधले होते मी!

बाहेर दालनात गर्दी होती. एक उंच, टक्कल पडलेले गृहस्थ माझा फोटो हातात धरून प्रत्येक बाईकडे रोखून बघत फिरत होते. हे दातांचे डॉक्टर असणार, कारण ते आधी दात बघत होते. फोटो माझ्या गेल्या वर्षीचा, गुळगुळीत. ते माझ्यासमोरून दोनदा गेले. दुसऱ्यांदा तर "माफ करा" म्हणून माझ्या बॅगेला वळसा घालून गेले. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांच्या मागून धाकटी आली.

केस पिकले होते. चालणं आईसारखं झालं होतं. ती माझ्या समोर येऊन थांबली, आणि मिठी नाही, रडणं नाही, नुसती माझ्या हनुवटीकडे बघत राहिली. मग बोटाला थुंकी लावली आणि माझा तीळ खसाखसा घासला.

"अगं, काय करतेस! लागतंय!"

"खरा आहे?" ती म्हणाली.

"मग काय रंगवून आलेय?"

"मला वाटलं, तू काढून टाकलास." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पहिल्या वर्षीच्या फोटोत दिसला नाही, तेव्हापासून वाटत होतं. ऑपरेशन केलं असशील. मी गेल्यावर लगेच."

"अगं वेडे, तुझे भावोजी पुसतात! जगाचं पुसतात, माझंही पुसतात. घरातले सगळे फोटो तसेच आहेत, तू बघितलेस की तिकडे असताना."

"समोर तू असलीस की फोटो कोण बघतंय, ताई?"

"मग विचारलं का नाहीस? दर रविवारी तास तासभर बोलतेस, साऱ्या गावाचं सांगतेस!"

"कसं विचारू?" ती म्हणाली. "तू हो म्हणाली असतीस तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि जवळ पाणीही नव्हतं. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून मी जगभर चेष्टा केली, तिने माझा एवढा मोठा तीळ एकोणीस वर्षं तोंडात धरून ठेवला होता.

डॉक्टर एका हातात फोटो घेऊन आळीपाळीने फोटोकडे आणि माझ्याकडे बघत उभे होते. धाकटीने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. चोपन्न वर्षांच्या, उद्या लग्न असलेल्या त्या बाईने भर दालनात हात पुढे केला आणि एक बोट माझ्या हनुवटीवर टेकवलं.

"टिंग," ती म्हणाली.

"कोण आहे?" मी विचारलं.